झोपेतल्या उपदेशाला स्पीकर कोणता?

रात्रभर ‘सबलिमिनल’ लावून झोपणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा: पावसाच्या किंवा समुद्राच्या आवाजाखाली ‘मी यशस्वी आहे’ छापाची वाक्यं इतकी हळू मिसळलेली असतात की कानाला कळत नाहीत, अंतर्मन मात्र टिपतं. एवढं गृहीत धरलं की वाद उरतो तो साधनांचा. इअरबड की उशीखालचा चपटा स्पीकर? आवाज पाचवर की दहावर? दाखल्याला अभिमन्यू तयारच असतो. पण त्या लोककथेत सुभद्रेला डोळा लागला आणि धडा तिथंच अडला, हे सोयीनं विसरलं जातं.

आधी साधनांचंच पाहू. हे संदेश बहुधा एमपी3सारख्या फायलींतून येतात. फाइल लहान होते ती मोठ्या आवाजाखाली दबलेला, माणसाला ऐकू न येणारा भाग गाळून किंवा ढोबळ करून. म्हणजे लाटांखाली दडवलेलं वाक्यच आधी कापलं जाण्याची शक्यता. ‘सायलेंट’ प्रकारात संदेश अतिउच्च कंपनांवर चढवतात. कमी बिटरेटच्या फाइलमध्ये साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचं छाटलेलं असतं, आणि वय वाढलं की कानही तिथवर पोचत नाही. फाइलमध्ये नसलेलं वाक्य महागडा स्पीकर कुठून आणणार?

कोणी म्हणेल, आमची फाइल अस्सल आहे. असू दे. 1991 साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी स्मरणशक्ती आणि आत्मसन्मान वाढवणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या कॅसेटी लोकांना काही आठवडे ऐकवल्या. काहींची लेबलं मुद्दाम उलटी लावली होती. आतल्या संदेशाचा परिणाम दिसला नाही. बऱ्याच जणांना सुधारणा जाणवली ती लेबलावर वाचलेल्या गुणात! हे जागेपणीचं झालं. झोपेबद्दल तर 1956 मध्येच सायमन आणि एमन्स यांनी मेंदूलहरींवरून माणूस खरोखर झोपल्याची खात्री करून पाहिलं होतं. त्या वेळी ऐकवलेलं लक्षात राहत नव्हतं.

मग रात्रीचा आवाज फुकटच? तसं नाही. 2009 मध्ये केन पॉलर यांच्या गटानं लोकांना 50 चित्रांच्या जागा शिकवल्या, प्रत्येक चित्राला साजेसा आवाज जोडून. मांजराला म्याव, असं. नंतरच्या डुलकीत 25 आवाज हळूच वाजवले, तर त्या चित्रांच्या जागा अधिक नेमक्या आठवल्या. बळकट झालं ते जागेपणी शिकलेलं. म्हणून हवी ती वाक्यं संध्याकाळी मोठ्यानं, अर्थ कळून म्हणावीत.

स्पीकर निवडायचा तो झोपेसाठी. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 मध्ये शयनगृहातल्या सततच्या आवाजासाठी सुचवलेली मर्यादा 30 डेसिबल, म्हणजे जेमतेम कुजबुज. तेवढ्याला साधा छोटा स्पीकर पुरतो. खाटेपासून लांब, टायमर लावून. इअरबड नकोतच: कूस बदलली की कान दुखतो, आणि चार्जिंग संपत आलं की तेच कानात ओरडतात. मध्येच जाहिराती घुसवणारं फुकटचं अ‍ॅपही नको. पहाटे तीनला गृहकर्जाची जाहिरात लागली, तर ती ऐकायला अंतर्मनाची गरज पडत नाही.