अपडेटनंतर तुटणारी ब्लूटूथ जोडणी : तीन मतांचे खंडन आणि एका क्रमाचे मंडन

स्मार्टफोनचे सॉफ्टवेअर अपडेट झाले, फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि कालपर्यंत विनातक्रार चालणारे इअरबड, मोटारीतला स्टीरिओ किंवा आजोबांच्या कानातले श्रवणयंत्र त्याच्याशी जोडले जाईनासे झाले, की पुण्यात सर्वसाधारणपणे तीन मते ऐकू येतात. अपडेटनेच फोन बिघडवला, तेव्हा यापुढे अपडेट घेऊच नये, हे पहिले मत. जोडलेले उपकरणच बाद झाले असून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवे आणलेले बरे, हे दुसरे. आणि फोन फॉरमॅट मारला की सगळे सुरळीत होते, हे तिसरे. तिन्ही मतांच्या मागे लोकांचा खरा मनस्ताप आहे, हे मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे की त्यांपैकी एकही मत बिघाडाच्या कारणापर्यंत पोहोचत नाही.

पहिल्या मताला इतिहासाचा थोडा आधार आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २०१२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.२ ने ब्लूटूथ हाताळणारी मूळ प्रणालीच बदलली, म्हणजे ‘ब्लूझी’ काढून तिच्या जागी ‘ब्लूड्रॉइड’ बसवली, आणि त्यानंतर आवाज तुटण्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. अपडेटमुळे जोडणी बिघडू शकते, एवढे यातून सिद्ध होते; अपडेट टाळावे, हे मात्र सिद्ध होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘नॉब’ या नावाने उघड झालेल्या त्रुटीमुळे दोन उपकरणांमधील संवाद कुलूपबंद करणारी सांकेतिक किल्ली अवघ्या एका बाइटपर्यंत आखूड करून घेणे हल्लेखोराला शक्य होते, आणि हे छिद्र बुजवण्याचा मार्ग अपडेट हाच होता. त्याच वर्षीच्या जूनमधील अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटने तर याहून पुढचे पाऊल टाकले. ब्लूटूथच्या मानकात केवळ उदाहरणादाखल छापलेली किल्ली काही उत्पादकांनी जशीच्या तशी आपल्या उपकरणांत वापरली होती. अशा उपकरणांशी जोडणी करण्यास त्या अपडेटने हेतुपुरस्सर नकार दिला. वापरणाऱ्याला जो बिघाड वाटला, तो प्रत्यक्षात बंदोबस्त होता. ज्या फोनमध्ये बँकेचे व्यवहार आणि यूपीआय चालते, त्या फोनची अपडेट गाण्यांच्या सोयीसाठी रोखून धरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

दुसऱ्या मताचा विचार करण्यापूर्वी जोडणी, म्हणजे पेअरिंग, कशी होते हे पाहावे लागते. दोन उपकरणे प्रथम भेटतात तेव्हा ती एक सामाईक किल्ली तयार करतात आणि दोघेही ती आपापल्या स्मृतीत जपून ठेवतात. पुढच्या प्रत्येक भेटीत नवी ओळख न मागता ही किल्लीच ताडून पाहिली जाते. अपडेटच्या वेळी फोनकडील नोंद पुसली गेली किंवा बदलली, आणि इअरबडकडे मात्र जुनीच नोंद राहिली, तर दोन्ही यंत्रे धडधाकट असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणूनच फोनवर ‘विसरा’ हा पर्याय दाबून भागत नाही. दोन्ही इअरबड डबीत ठेवून, डबीवरचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरून (बटण कोणते व किती वेळ दाबायचे हे माहितीपत्रकात दिलेले असते) त्यांच्याकडील जुनी नोंदही पुसावी लागते, आणि मगच नव्याने जोडणी करावी लागते. अनेक घरांतून ‘गेलेले’ म्हणून टाकून दिले जाणारे इअरबड या एका कृतीअभावी कचऱ्यात जातात, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

याहूनही साधे एक कारण हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत संभवते. अपडेटसाठी फोन बंद होतो तेवढ्या अवधीत इअरबड शेजारच्या लॅपटॉपशी जोडले जातात, आणि परत आलेल्या फोनला ते मोकळे सापडत नाहीत. लॅपटॉपचे ब्लूटूथ बंद करताच प्रश्न सुटतो.

काही वेळा जोडणी झाल्याचे फोन दाखवतो, पण आवाज येत नाही. याचे स्पष्टीकरण असे की ब्लूटूथवर गाणी आणि फोनवरील संभाषण ही दोन वेगळी कामे मानली जातात व प्रत्येकाची स्वतंत्र नियमावली, म्हणजे प्रोफाइल, असते. सेटिंग्जमध्ये त्या उपकरणाच्या नावाशेजारचे चक्र दाबले असता दोहोंची वेगवेगळी बटणे दिसतात, आणि त्यांतले मीडियाचे बटण बंद असेल तर फोनवरचे बोलणे ऐकू येते, गाणे मात्र येत नाही. घड्याळ किंवा ब्लूटूथची स्कूटर ॲपला सापडत नसेल, तर शोध परवानगीपाशी घ्यावा. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची डिव्हाइस’ ही स्वतंत्र परवानगी आली. त्यापूर्वी अशा शोधासाठी स्थानाची, म्हणजे लोकेशनची, परवानगी लागत असे. जुन्या फोनवरून थेट नव्या आवृत्तीवर आलेल्या माणसाने घाईत ही नवी परवानगी नाकारलेली असते, आणि दोष स्कूटरच्या माथी बसतो.

तिसरे मत सर्वांत घातक आहे, कारण ते अधूनमधून यशस्वी होते. फॅक्टरी रीसेटने सगळ्याच नोंदी पुसल्या जातात, त्यात बिघडलेली नोंदही जाते. पण तिच्याबरोबर बॅकअप न घेतलेली छायाचित्रे आणि संदेशही जातात. एका किल्लीसाठी एवढा संहार करण्याचे कारण नाही. आधी फोन आणि उपकरण दोन्ही बंद करून सुरू करावीत. मग दोन्हीकडची नोंद पुसून नवी जोडणी करावी. नंतर परवानग्या आणि आवाजाची बटणे तपासावीत, तसेच उपकरणाच्या ॲपमधून त्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. आणि एवढ्यानेही भागले नाही तर केवळ वाय-फाय व ब्लूटूथची सेटिंग्ज रीसेट करावीत, ज्यात वाय-फायचे जपलेले पासवर्ड जातात, पण छायाचित्रांना धक्का लागत नाही. या क्रमाचा खरा लाभ असा की प्रत्येक पायरीवर एक कारण बाद होत जाते. तेच इअरबड दुसऱ्या फोनवर नीट चालले तर संशय पहिल्या फोनवर येतो. तिथेही अडखळले, तरच नव्या खरेदीचा विचार न्याय्य ठरतो.

मात्र हा सारा भार वापरणाऱ्यावर टाकून उत्पादकाला मोकळे सोडता येणार नाही. अपडेटपूर्वी ‘काही सुधारणा व त्रुटींचे निवारण’ एवढेच मोघम लिहिणे पुरेसे नाही. परवानग्या बदलणार असतील किंवा काही जुन्या उपकरणांशी जोडणी नाकारली जाणार असेल, तर ते ग्राहकाला त्याच्या भाषेत आधी सांगितले गेले पाहिजे. ज्या पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या शहरातील ग्राहकाने ही मागणी संकोच न करता करावी. वरील क्रम पूर्ण करूनही दोष राहिला, तर अपडेटची तारीख, फोनची आवृत्ती, उपकरणाचे मॉडेल आणि करून पाहिलेल्या पायऱ्या लिहून काढून सेवा केंद्रात लेखी तक्रार नोंदवावी व तिची पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे, आणि तिथेही हीच नोंद कामी येते.