अमानत आणि कंत्राट

वरणगावात 'कंपनी' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आयुध निर्माणीच्या आधाराने हे गाव वाढले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या आणि वरणगावची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. मालकी सरकारचीच राहिली, तरी त्या दिवसांत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. पेन्शनचे काय होणार, पोरांच्या भरतीचे काय होणार? कामगार संघटनांनी विरोध केला, निवेदने दिली. फॅक्टरीवरची पाटी बदलली तर गावाची झोप उडते. मग दवाखान्याचे एकेक काम कंपन्यांच्या हाती गेले, तेव्हा आम्ही निवांत कसे झोपलो? आमचा प्रश्न एवढाच आहे आणि तो आधी आम्हाला स्वतःलाच विचारायचा आहे.

काय काय गेले ते पाहू. २०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर. पैसा सरकारचा, गाडीवर नाव सरकारचे, चालवणारी मात्र बीव्हीजी ही खासगी कंपनी. २०२४ मध्ये पुढील दहा वर्षांसाठी नवे कंत्राट दिले गेले. त्यात हीच कंपनी, सुमित फॅसिलिटीज आणि स्पेनची एसएसजी एकत्र आल्या आणि निविदेवरून बराच वाद झाला. दुसरीकडे २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत आमच्या खानदेशातला धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले आणि १ जुलै २०२४ पासून ती पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणासह राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली. यात सरकार पैसे देते, दाव्यांच्या कामासाठी मध्यस्थ कंपन्या असतात आणि उपचारांचा मोठा भाग खासगी रुग्णालयांतून होतो.

या सगळ्यातून काहीच भले झाले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १०८ वेळेवर आली म्हणून वाचलेली माणसे आमच्या ओळखीची आहेत. ज्या बाईच्या हृदयाची शस्त्रक्रिया योजनेतून झाली तिच्यासमोर उभे राहून योजनेला शिव्या देण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचे भांडण सोयीशी नाही. सोय मिळाली नाही तर जाब कोणाला विचारायचा, याच्याशी आहे.

उर्दू शाळेतल्या मास्तराला शिकवण्याबरोबर आणखी एक काम असते. पालकांचे मराठी अर्ज लिहून देणे. त्या कामात आम्हाला जे दिसले ते सांगतो. केळीच्या बागेत मजुरी करणारा एक पालक. रेशनकार्डावर नाव 'शेख रशीद शेख करीम', आधारवर 'रशीद शेख'. खानदेशात आमच्या घराघरांत नावाची हीच तऱ्हा आहे. योजनेत असलेल्या एका खासगी रुग्णालयाने सांगितले, नावे जुळत नाहीत, दुरुस्ती करून आणा. दुरुस्ती होईपर्यंत खाट भरली होती. खाट मिळाली तेव्हा कळले की शस्त्रक्रिया योजनेत बसते, पण काही तपासण्या बाहेरून कराव्या लागतील, पैसे भरा. आम्ही तक्रार लिहिली. रुग्णालयाने मध्यस्थ कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीने योजनेच्या कार्यालयाकडे, कार्यालयाने पुन्हा रुग्णालयाकडे. शेवटी त्याने बायकोची बाळी विकली. तिघांपैकी एकानेही 'नाही' म्हटले नाही. प्रत्येक जण 'आमच्याकडे नाही' एवढेच म्हणाला.

इथे हाकीम शेख यांची आठवण होते. पश्चिम बंगालमधला हा शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला गंभीर दुखापत झाली. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले आणि शेवटी खासगी रुग्णालयात खर्च करून उपचार घ्यावे लागले. त्याच्या मजूर संघटनेने सर्वोच्च न्यायालय गाठले. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सबब राज्याला चालणार नाही. नुकसानभरपाईही द्यायला लावली. ती रुग्णालये सरकारची होती, म्हणून सरकारला पिंजऱ्यात उभे करता आले. आमच्या रशीदभाईंनी कोणाला उभे करायचे?

यावर लगेच उत्तर येते की सरकारी दवाखाने काय मोठे चांगले आहेत? नाहीत. २०२० च्या जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात बेपत्ता झालेल्या एका वृद्ध कोरोना रुग्णाचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. त्याची लाज अजून जात नाही. पण पुढे काय झाले तेही आठवा. अधिष्ठात्यांसह जबाबदार लोक निलंबित झाले, मंत्र्यांना उत्तर द्यावे लागले. कारण जबाबदार कोण हे सगळ्यांना ठाऊक होते. शिवाय सरकारी दवाखाना आपोआप आजारी पडलेला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, कोरोनाच्या तडाख्यानंतरही, तो दोन टक्क्यांच्या आतच होता. आधी जागा भरायच्या नाहीत, औषध पुरवायचे नाही, मग चालत नाही म्हणून कंत्राट काढायचे. म्हशीला चारा न घालता दूध देत नाही म्हणून बाजारात नेण्यासारखेच हे झाले.

आता तर दवाखान्याची जागाच देण्याच्या गोष्टी आहेत. नीती आयोगाने २०१७ मध्ये जिल्हा रुग्णालयांतील जागा काही आजारांच्या उपचारांसाठी खासगी संस्थांना तीस वर्षे देण्याचा नमुना करार पुढे आणला. मुंबईत मरोळला महापालिकेच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या सेव्हन हिल्स रुग्णालयात वीस टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांना मिळायच्या होत्या. त्यावरून तंटे झाले, थकबाकी राहिली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा ते पालिकेलाच चालवावे लागले. नफा असेपर्यंत कंपनी, संकट आले की सरकार.

आम्हा मुसलमानांना हा विषय खरे तर सगळ्यांत आधी कळायला हवा. काहिरात सुलतान कलावूनने १२८४ मध्ये बांधलेला मारिस्तान वक्फच्या उत्पन्नावर चालत होता. श्रीमंत-गरीब, पुरुष-स्त्री, गावचा-परका असा भेद न करता तिथे मोफत उपचार व्हायचे. वक्फचा मुतवल्ली कामाचा मोबदला घेऊ शकतो, पण वक्फ ही त्याच्या नफ्याची वस्तू नव्हे. हनफी फिकहने वक्फची मालमत्ता लांब मुदतीने भाड्याने देण्यावर बंधने घातली, ती उगीच नाही. लांब मुदतीत भाडेकरू मालक होऊन बसतो, हे त्या फकीहांना ठाऊक होते. वक्फच्या जमिनी अशाच गिळल्या गेल्या म्हणून आम्ही सभा घेतो. जनतेचा दवाखाना हीही अमानतच आहे. त्याच्यासाठी मात्र आमची एकही सभा होत नाही.

त्याऐवजी आम्ही काय करतो? जुम्म्याच्या नमाजनंतर झोळी फिरवतो. रमजानमध्ये जकात गोळा करतो आणि ती घेऊन खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर उभे राहतो. जमातीच्या नावाची रुग्णवाहिका घेतो आणि तिच्या चाव्या देतानाचा फोटो छापून आणतो. देणाऱ्याच्या नियतीवर आमचा संशय नाही. पण हिशोब पाहा. गरिबाने काडेपेटीवरही कर भरला, त्या करातून कंपनीला पैसे गेले, आणि उरलेले बिल त्याच गरिबाच्या नावाने गोळा केलेल्या जकातीतून पुन्हा खासगी तिजोरीत गेले. जकात गरिबाचा हक्क आहे. ती त्याच्या हातावर क्षणभर ठेवून तिसऱ्याच्या खिशात टाकण्यासाठी नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आरोग्यसेवा सरकारने स्वतः चालवावी, कायम डॉक्टर आणि परिचारिका नेमून. हे होईपर्यंत जी कंत्राटे आहेत ती मराठीत आणि उर्दूत दवाखान्याच्या भिंतीवर लावावीत. कंपनीला किती पैसे मिळतात, किती गाड्या, किती खाटा द्यायच्या, न दिल्यास दंड किती, हे रुग्णाला वाचता आले पाहिजे. रुग्णाला परत पाठवले तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर सही करणारा अधिकारी सरकारचा असावा. आणि वर्षातून एकदा हा हिशोब ग्रामसभेत, नगरपरिषदेत वाचला जावा.

हे मागायला मोठा नेता लागत नाही. पुढच्या जुम्म्याला झोळीबरोबर एक कागद फिरवावा, त्यावर सह्या घ्याव्यात. मशिदीत घ्याव्यात, तशा बाजारातही घ्याव्यात. कारण त्या रांगेत रशीदभाईंच्या मागे उभा असलेला पाटलाचा गडीही तसाच परत गेला होता. त्याच्या रेशनकार्डावरचे नाव बरोबर होते. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोतच.