कुमारवयातील स्वमग्नता: ओळखल्याशिवाय हक्क कसा?

२०११ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे ८ प्रकार नोंदले गेले; त्यांत स्वमग्नतेचा, म्हणजेच ऑटिझमचा, स्वतंत्र रकाना नव्हता. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत तिला नावानिशी स्थान दिले. मी इतिहास शिकलो आणि प्रशासनात हयात घालवली. कागदावरचा हक्क माणूस ओळखला गेल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे मला दोन्हीकडे दिसले. ओळखले न जाण्याचा धोका कुमारवयातील मुलांना मोठा आहे.

न बोलणारे तीन वर्षांचे मूल पालकांच्या लक्षात येते. जे बोलते, पाढे घडाघडा म्हणते, ते निसटते. लहानपणीच्या खेळांना नियम असतात. आठवी-नववीतील मैत्री मात्र सूचकतेवर, थट्टेवर, नजरेवर चालते. तेथे हे मूल अडखळते. टोमणा शब्दशः घेते, वेळापत्रक बदलले की कासावीस होते, गर्दीचा गोंगाट त्याला सोसवत नाही, एखाद्याच विषयात ते तासन्‌तास रमते. अनेक मुली मैत्रिणींचे अनुकरण करून हे सारे झाकतात. शाळेत हसऱ्या राहतात आणि घरी येताच कोसळतात. आपण ‘लाजाळू’, ‘हट्टी’ किंवा ‘शिष्ट’ म्हणून मोकळे होतो.

यांतील एखादे लक्षण दिसले म्हणजे स्वमग्नता नव्हे. खुणांचे मूळ बालपणात असते, आणि निदान तज्ज्ञांनीच करावे. संगोपनातील उणिवेमुळे ती उद्भवत नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

दाखला म्हणजे कपाळावरचा शिक्का, ही भीती मी समजू शकतो. परंतु वर्गाने आणि नातेवाइकांनी शिक्का आधीच मारलेला असतो, आणि तोही चुकीचा. योग्य निदान व प्रमाणपत्र असल्यास सीबीएसईच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. पुढे पात्रतेनुसार सरकारी नोकरीतील आरक्षणाचा मार्गही खुला होतो.

१० ते १९ वयोगटासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. मानसिक आरोग्य त्याचाच भाग आहे. त्यातील समुपदेशकांना आणि माध्यमिक शिक्षकांना या खुणा शिकवाव्यात. शंका आल्यास मुलाला कोणाकडे पाठवायचे, हे प्रत्येक जिल्ह्यात लेखी ठरवून द्यावे. राज्यांना त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.