शब्दांच्या याद्या आणि सरफोजींचा कोश

कुंभकोणम्‌च्या लगत असलेल्या दारासुरम् गावी, बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधविलेल्या ऐरावतेश्वर मंदिरात, वृषभ आणि गज यांचे एक जोडशिल्प आहे. मस्तक दोघांत मिळून एकच, आणि पाहणाऱ्याने एका बाजूचे धड हाताने झाकले की तेच मस्तक दुसऱ्याचे होऊन जाते. शिल्पकाराने पाषाणात साधलेला हा श्लेषच होय. ज्या विद्यार्थ्याने मराठीच्या तासाला श्लेष समजून घेतला आहे, त्याला इंग्रजी काव्यातील हीच करामत ओळखण्यासाठी परिभाषेची निराळी व्याख्या घोकावी लागू नये.

परंतु आपल्याकडे ती घोकली जाते. शिकवण्यांतून अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या वाटल्या जातात, अलंकारांची नावे दोन ओळींच्या व्याख्येसह पाठ होतात, आणि परीक्षेचा निकाल लागताच ती सारी संपदा विस्मृतीत जमा होते. याचा दोष मी विद्यार्थ्यांकडे देत नाही. वाक्यापासून तोडलेला शब्द कोणाच्याही स्मरणात राहत नाही.

या कावेरीकाठच्या मुलखावर ज्या मराठी राजवंशाची सत्ता होती, त्यातील दुसऱ्या सरफोजी महाराजांनी इंग्रजी कशी आत्मसात केली, हे म्हणूनच मुद्दाम सांगण्याजोगे आहे. श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाच्या हातून १७९९ च्या तहाने मुलकी कारभार कंपनी सरकारकडे गेला. दरबाराचा डामडौल राहिला, सत्ता उरली नाही, आणि उरलेले आयुष्य त्यांनी विद्येला वाहिले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दप्तरांच्या व ताडपत्रांच्या सान्निध्यात डॉ. जॉन्सनच्या कोशाची १७८४ ची आवृत्ती आहे, लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ आहे, आणि महाराजांनी संग्रही घेतलेल्या पुस्तकांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. १८२६ साली तंजावरास आलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवले आहे की, हा राजा लाव्हाझिए, लिनिअस व ब्यूफाँ यांची वचने सहज उद्‌धृत करतो, शेक्सपिअरच्या काव्यगुणांची मार्मिक पारख करतो, आणि स्वतः इंग्रजीत कविताही रचतो. कोश आणि काव्य ही दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याखेरीज अशी पारख येत नाही. माझ्या मते याहूनही थोर गोष्ट ही की, त्याच सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक मराठीत लिहिले आणि पृथ्वीच्या भूगोलाचे नवे ज्ञान तमिळ भूमीतल्या कुरवंजी या नाट्यप्रकारातून स्वभाषेत आणले.

पुढे कुंभकोणम्‌च्या सरकारी कॉलेजात शिकलेले श्रीनिवास शास्त्री गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९१५ मध्ये त्यांच्या पश्चात समाजाचे अध्यक्ष झाले. ज्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाने विलायतेतील श्रोतेही मुग्ध होत, त्या शास्त्रीबुवांचे उत्तरायुष्य वाल्मीकीच्या रामायणात रमले. याच कॉलेजात रामानुजन् यांना मात्र इंग्रजीतील अपयशापायी शिष्यवृत्ती गमवावी लागली. भाषेला परीक्षेचा उंबरठा केल्यावर गणितातील अलौकिक प्रतिभाही तेथे अडते, हे शिक्षणखात्याने कधी विसरू नये.

दोन भाषा शेजारी ठेवून शिकण्याचा हा मार्ग महाराष्ट्रातही अपरिचित नव्हता. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे जे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले, ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले, आणि त्या परिश्रमात इंग्रजी वाक्यरचनेचा जो कस त्यांना लागला, त्याचे तेज पुढे ‘निबंधमाले’च्या मराठीत उतरले, असे मला निश्चितपणे वाटते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. कनिष्ठ महाविद्यालयांतील इंग्रजीच्या व मराठीच्या अध्यापकांनी आठवड्यातून एक तास एकत्र घ्यावा. एक इंग्रजी उतारा, एक मराठी उतारा आणि वर्गातच ठेवलेला एक भरघोस कोश, एवढीच सामग्री असावी. रूपक, श्लेष, उपरोध, अतिशयोक्ती ही नावे विद्यार्थ्यांनी उताऱ्यात त्यांचे स्थान दाखवून मगच उच्चारावीत, आणि नवा शब्द स्वतःच्या वाक्यात योजल्यावरच वहीत लिहावा. यासाठी वरून हुकूम येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन अध्यापकांनी आपसांत ठरवले, तर पुढच्या सत्रापासून हा शिरस्ता सुरू करता येईल.