लोमीलोमी

आपल्या अंगाला दुसऱ्या कुणाचा तेलाचा हात लागतो तो बाळंतपणात, सव्वा महिना. पुढे आपणच सगळ्यांना चोळायचं! होनोलुलूत, वाइकीकीच्या गर्दीत नणंदेने मला ‘लोमीलोमी’ला नेलं तेव्हा संकोचच वाटला. लोमी म्हणजे मळणं, रगडणं. पण कणीक तिंबतात तसं नव्हे हं. कोपरापासून मनगटापर्यंतचा अख्खा हात पाठीवरून लाटेसारखा फिरतो. तेल बहुधा कुकुईचं, म्हणजे जंगली अक्रोडाचं. जुन्या पद्धतीत आधी प्रार्थना म्हणतात. कोनाच्या मार्गारेट मचाडो (१९१६–२००९) यांनी ही विद्या परक्यांनाही शिकवली.

मैत्रिणींनो, जाल तर सरकारी परवाना पाहा, बाईच हवी म्हणून आधी सांगा. दिवस गेले असतील किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. खर्चाचा आकडा मात्र ‘ह्यां’ना जेवणं झाल्यावर सांगा!