शांतता मुरवावी लागते

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली. पण १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेली शेजारची भिवंडी शांत राहिली. याचे श्रेय मी केवळ बंदोबस्ताला देणार नाही. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसह एकत्र बसत, किरकोळ तंटे बोलून मिटवत. त्यामुळे अफवा उठली तेव्हा खरेखोटे विचारायला ओळखीचे दार होते.

आज अफवा मोबाईलवरून क्षणात घरात शिरते. शांतता लोणच्यासारखी आधीच मुरवावी लागते. ऐनवेळी धावपळ करून उपयोग नाही. आपल्याच जिन्यातल्या वेगळ्या धर्माच्या घराची कडी आपण सणावाराखेरीज कधी वाजवली आहे का?