कुंडी घरी पोहोचल्यानंतर : ऑर्किडच्या फुलदांड्याचा आधार

सिक्कीम, कालिम्पाँग आणि अरुणाचलमधील सिंबिडियम, केरळमधील डेन्ड्रोबियम, शहरालगतच्या हरितगृहांतील फॅलेनॉप्सिस. देशातील ऑर्किड लागवडीविषयी आज बरेच लिहिले व बोलले जाते. सिक्कीममधील पाक्योंग येथे ऑर्किडसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. ऊतिसंवर्धन, माध्यम, खत, काढणी या प्रत्येक टप्प्यावर शिफारशी उपलब्ध आहेत. मात्र कुंडी ग्राहकाच्या घरी पोहोचली की मार्गदर्शन थांबते. उत्पादकाने काही वर्षे सांभाळलेल्या रोपाचा फुलदांडा तेथे आठ दिवसांत मोडतो, कळ्या गळतात आणि ऑर्किड घरात टिकत नाही, असा समज ग्राहक करून घेतो. असा ग्राहक दुसरी कुंडी विकत घेत नाही. हे नुकसान उत्पादकाचे आहे. त्यामुळे फुलदांड्याचा आधार हा केवळ हौशी लोकांचा विषय मानणे योग्य नाही.

आधार देण्यात सर्वाधिक चूक होते ती वेळेची. फॅलेनॉप्सिसचा दांडा पानाच्या बगलेतून निघतो आणि प्रकाशाच्या दिशेने वाढतो. या काळात कुंडी रोज फिरवत राहिल्यास दांडा नागमोडी होतो. दांडा वीतभर झाला की बांबूची बारीक कामटी मुळे चुकवून, हळूहळू फिरवत माध्यमात रोवावी. पहिली गाठ दांड्याच्या तळाकडील भागात द्यावी आणि वाढीनुसार पुढच्या गाठी द्याव्यात. कोवळ्या शेंड्याला बांधू नये. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी व सैल हवी, कारण दांडा जाड होत जातो आणि घट्ट दोरा त्यात रुततो. केसांना लावायचा छोटा चापही चालतो. सिंबिडियमचा दांडा सकाळच्या गारव्यात, पाण्याने भरलेला असताना काचेसारखा तुटतो. तो वळवायचा असल्यास दुपार बरी, आणि तेही एका दिवसात नव्हे, थोडे थोडे.

यामागे एक शास्त्रीय कारण आहे, ते ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते. बहुतेक ऑर्किडची कळी वाढताना देठावर पिळवटते आणि फुलाचा ओठ खालच्या बाजूला येतो. ही दिशा कळी गुरुत्वाकर्षणावरून ठरवते. फूल उमलल्यावर ती सहसा बदलत नाही. म्हणून फुले उमलल्यानंतर वाकलेला दांडा उभा केला की काही फुले आकाशाकडे, तर काही भिंतीकडे तोंड करून राहतात. आधार कळ्या वळण्यापूर्वी द्यावा आणि पहिल्या कळीच्या खालीच थांबवावा. पुढचा भाग स्वतःच्या भाराने कमानीसारखा झुकू द्यावा. शेवटच्या कळीपर्यंत तारेने जखडलेले, सैनिकी रांगेतले दांडे बाजारात सर्रास दिसतात. वाहतुकीसाठी ते सोयीचे असतील. सौंदर्याचा मापदंड म्हणून ते स्वीकारण्याचे कारण नाही.

काही ऑर्किडना तर आधार देणे हाच अपराध ठरेल. आसाममध्ये बिहूच्या वेळी स्त्रिया केसांत माळतात ते कपौ फूल, म्हणजेच सह्याद्रीत ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखले जाणारे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, निसर्गतः खाली लोंबते. त्याची कुंडी टेबलावर ठेवून फुलोरा काठीला बांधण्यापेक्षा ती डोळ्यांच्या उंचीवर टांगावी. मात्र हे रोप रोपवाटिकेतीलच असावे. जंगलातील झाडावरून ओरबाडलेल्या ऑर्किडला घराच्या सजावटीत स्थान नाही.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने याहून गंभीर बाब म्हणजे अनावश्यक फवारणी. अनेक ऑर्किडच्या दांड्यावर आणि कळ्यांच्या मागे पारदर्शक, चिकट थेंब दिसतात. हा झाडाचाच मधुरस असतो, पण ‘कीड पडली’ म्हणून घरात कीटकनाशक फवारले जाते आणि उमललेल्या पाकळ्या डागाळतात. दुसऱ्या बाजूला, पिठ्या ढेकूण व खवले कीडही चिकट स्राव टाकतात. फरक ओळखणे अवघड नाही. मधुरसाचे थेंब कळीच्या बुडाशी किंवा पेराजवळ दिसतात; किडींचा स्राव खालच्या पानांवर सांडतो आणि त्यावर पुढे काळी बुरशी धरते. दांड्यावरील आवरणे, गाठींखालची जागा व पानांची खालची बाजू साध्या भिंगाने पाहावी. कीड नसल्यास ओल्या फडक्याने थेंब पुसले की काम झाले. थोडे पिठ्या ढेकूण असल्यास ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावेत. मुंग्यांकडे मात्र दुर्लक्ष नको. त्या गोडाच्या मागे येतात आणि पिठ्या ढेकणांचे त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करतात. जुनी कामटी आणि जुना दोरा दुसऱ्या कुंडीला वापरणे म्हणजे किडीला वाहन पुरवणेच होय. नवी कामटी फारशी महाग नसते.

मांडणीची जागाही विचारपूर्वक निवडावी. फळांच्या परडीशेजारी ऑर्किड ठेवू नये, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात. उदबत्तीच्या धुरातही तो असतो, त्यामुळे देवघराजवळची जागा कितीही शोभिवंत वाटली तरी टाळावी. उघड्या खिडकीत मधमाशीसारख्या कीटकाने परागपिंड उचलून नेले किंवा परागीभवन झाले, तर अन्यथा अनेक आठवडे टिकणारे फूल लवकर मान टाकते. फुलांचा भार वरच्या बाजूला असल्याने प्लास्टिकची कुंडी जड चिनीमातीच्या भांड्यात ठेवावी, पण त्या भांड्यात पाणी साचू देऊ नये. काठीचे टोक वाकून पाहणाऱ्याच्या डोळ्याला लागू नये म्हणून त्यावर बुचाचा तुकडा बसवावा.

ही माहिती एका पोस्टकार्डावर मावते. उत्पादक गटांनी ती ग्राहकाच्या भाषेत छापून प्रत्येक कुंडीसोबत द्यावी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी त्यासाठी आग्रह धरावा. सिक्कीमहून निघालेली कुंडी पुण्यात किंवा चेन्नईत इंग्रजी चिठ्ठीसह, किंवा चिठ्ठीविनाच, पोहोचावी हे समर्थनीय नाही.

त्या कार्डावर एक ओळ कापणीविषयीही असावी. फुले संपल्यावर फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल, तर तळापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या वर कापल्यास कधीकधी नवी फांदी फुटते. रोप अशक्त असेल तर दांडा बुडापासून काढावा. दोन रोपांच्या मध्ये पाते ज्योतीवर तापवून, निववून घ्यावे. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू रसातून, कापणीच्या हत्याराने पसरतात. याचा दोष किडींवर ढकलता येत नाही; तो हात कात्री धरणाऱ्याचाच असतो.